तीन नंबरचा बावटा आणि तर्कशास्त्राची पदवी

बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे वादळी हवेचा इशारा, लागला, तर होड्या समुद्रात जात नाहीत. मालवणात वाढलेल्या मुलांना हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. अकरावीच्या तर्कशास्त्राच्या पहिल्या तासाला मी ते फळ्यावर लिहिते आणि विचारते, आज सकाळी सगळ्या होड्या किनाऱ्याला उभ्या दिसल्या, तर बावटा लागलाय असं म्हणायचं का?

अर्धा वर्ग ‘हो’ म्हणतो. मग मागच्या बाकावरून, बहुधा घरची होडी असलेला एखादा मुलगा म्हणतो, ‘मॅडम, बंदी पण असू शकते ना.’ असू शकते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी आपल्याकडे बंद असते. गावात कोणी वारलं असेल, खलाशी अजून परतले नसतील, डिझेलचा खर्चही निघत नसेल. होड्या उभ्या राहायला बावट्याशिवाय पन्नास कारणं आहेत.

आता उलट बाजूने बघा. एखादी होडी समुद्रात गेलेली दिसली. आपलं पहिलं वाक्य खरं धरलं, तर बावटा लागलेला नाही हे नक्की. इथे कसलाही अंदाज नाही. आणि बावटा लागलेला नाही, एवढंच कळलं तर? होड्या गेल्याच असतील असं त्यावरून निघत नाही. म्हणजे एकाच वाक्यातून चार वाटा फुटतात, त्यातल्या दोन पक्क्या आणि दोन फसव्या. बोलताना चारही सारख्याच खऱ्या वाटतात. कोणती पक्की आणि का, हे शोधायचं शास्त्र म्हणजे तर्कशास्त्र.

गेल्या वर्षी पालकसभेला एका मुलीचे वडील आले होते. स्वतः मासेमारी करतात. मुलीला शंभरपैकी नव्वदच्या वर गुण होते, आणि तिने पदवीलाही हाच विषय धरायचं ठरवलं होतं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘मॅडम, ह्या विषयान नोकरी खंय गावतली?’ म्हणजे, कुठे मिळणार? त्या दिवशी मी त्यांना घाईत उत्तर दिलं, ते अपुरं होतं. हा लेख म्हणजे त्यांना द्यायला हवं होतं ते पूर्ण उत्तर.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. मराठीत ‘तर्क लढवणे’ म्हणजे अंदाज बांधणे, आणि ‘तर्कवितर्क’ तर वर्तमानपत्रात रोज चालतात. त्यामुळे तर्कशास्त्र म्हणजे हुशारीने अंदाज बांधायचं शास्त्र, असा समज होतो. दुसरा समज असा, की बँकेच्या परीक्षेत ‘अ हा ब च्या डावीकडे बसला आहे’ अशी जी कोडी असतात तोच हा विषय. त्या कोड्यांना सरावाने हात बसतो, आणि बसवावा. विषय मात्र त्याच्या पुष्कळ खाली जातो. तो विचारतो, एखाद्या विधानावरून दुसरं विधान ‘निघतं’ म्हणजे नक्की काय होतं? त्याचे नियम किती आहेत? ते नियम यंत्राला शिकवता येतील का? आणि नियमांनी गाठता येणार नाही अशी काही सत्यं आहेत का?

बावट्याच्या उदाहरणात लक्षात घ्यायची गोष्ट ही, की त्यात बावटा आणि होडी यांचं काहीच काम नाही. त्यांच्या जागी ताप आणि मलेरिया घातले, किंवा कर्ज आणि तारण घातलं, तरी पक्क्या वाटा पक्क्याच आणि फसव्या फसव्याच राहतात. काम करतो तो वाक्याचा सांगाडा, ‘तर’, ‘नाही’, ‘आणि’, ‘किंवा’, ‘सर्व’, ‘काही’ या चिमुकल्या शब्दांचा. हा सांगाडा मांसापासून वेगळा काढून बघायची कल्पना ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलची, सव्वादोन हजार वर्षांपेक्षा जुनी.

पण ॲरिस्टॉटलच्या सांगाड्यात एक उणीव होती, आणि ती मी नेहमी तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या म्होरक्याच्या, उदाहरणाने दाखवते. ‘प्रत्येक होडीला एक तांडेल असतो.’ याचा सरळ अर्थ, होडी दाखवा, मी तिचा तांडेल दाखवते. आता हे ऐका, ‘एक तांडेल असा आहे की जो प्रत्येक होडीचा आहे.’ म्हणजे सगळ्या बंदराला मिळून एकच माणूस! शब्द जवळजवळ तेच, फक्त ‘प्रत्येक’ आणि ‘एक’ यांचा क्रम बदलला आणि अर्थ कुठल्या कुठे गेला. हा फरक चिन्हांनी चोख मांडायची रीत १८७९ साली गॉटलोब फ्रेग या जर्मन गणितज्ञाने दिली. आज विद्यापीठात ‘आधुनिक तर्कशास्त्र’ म्हणून जे शिकवतात ते तिथून सुरू होतं. संगणकातल्या याद्यांना आपण जे प्रश्न विचारतो, ‘ज्या होडीचा एकही परवाना चालू नाही अशा सगळ्या होड्या दाखव’, त्या पद्धतीचा पाया १९७० साली एडगर कॉड या संगणकशास्त्रज्ञाने घातला, तोही याच ‘प्रत्येक’ आणि ‘एखादा’ यांच्या तर्कावर.

आपल्याकडचा धागा वेगळा आहे आणि मला तो फार प्रिय आहे. न्यायदर्शनात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कपरंपरेत, अनुमानाचे पाच अवयव सांगितले आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. ठरलेलं उदाहरण डोंगराचं. डोंगरावर अग्नी आहे, कारण धूर आहे. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात. या डोंगरावर तसाच धूर आहे. म्हणून इथे अग्नी आहे. आमच्या मुलांना हे उदाहरण पुस्तकी वाटत नाही, कारण पावसाळ्याआधी भाजावळ, म्हणजे शेतजमीन भाजणं, सुरू झाली की समोरच्या डोंगरउतारावर हेच दिसतं. मग मी त्यांना आंबोलीला नेते, मनानेच. घाटात समोर पांढरं काही तरी तरंगतंय. धूर की धुकं? हेतूच पक्का नसेल तर पुढची सगळी मांडणी कोसळते. जुन्या भारतीय तर्कग्रंथांत नेमकी हीच शंका घेतलेली आहे, वाफेला धूर समजण्याची, आणि अशा दोषांना ‘हेत्वाभास’ हे सुंदर नाव आहे: हेतूसारखा दिसतो, पण हेतू नव्हे. पाश्चात्त्य सांगाडा विचारतो, निष्कर्ष निघतो का? न्यायदर्शन त्याच दमात विचारतं, तुला हे कळलं कसं? दोन्ही प्रश्न शिकणाऱ्याला हवेत. विश्वकोशामुळे घरोघरी माहीत असलेल्या लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नावाआधीचं ‘तर्कतीर्थ’ ही याच न्यायशास्त्राच्या परीक्षेची पदवी आहे, हे सांगितलं की मुलं चकित होतात.

जिन्यातला दिवा

आता नोकरीच्या दिशेने वळते, पण वाट विजेच्या बटणावरून जाते.

माडी असलेल्या घरात जिन्याच्या दिव्याला दोन बटणं असतात, एक खाली, एक वर. कोणतंही एक दाबलं की दिव्याची स्थिती बदलते. चार शक्यतांचं कोष्टक मांडा: दोन्ही बटणं एकाच बाजूला असतील तर दिवा बंद, वेगवेगळ्या बाजूंना असतील तर चालू. हे ‘किंवा’चं कडक रूप आहे, दोनपैकी एक खरं, पण दोन्ही नाही. एका मागोमाग एक जोडलेली दोन बटणं म्हणजे ‘आणि’. शेजारी शेजारी जोडलेली म्हणजे ‘किंवा’.

१९३७ साली अमेरिकेतल्या एमआयटीत क्लॉड शॅनन या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात हे दाखवून दिलं, की जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात मांडलेलं तर्काचं बीजगणित आणि विजेच्या जोडण्या या एकच गोष्ट आहेत. आज तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये अशी अब्जावधी बटणं आहेत. बारावीच्या गणिताच्या पुस्तकात पहिलाच धडा तर्काचा आहे आणि त्यात या जोडण्याही आहेत. कला शाखेची मुलं तर्कशास्त्राच्या तासाला जे सत्यता कोष्टक मांडतात, तेच विज्ञानाची मुलं शेजारच्या वर्गात गणित म्हणून मांडतात. एकमेकांच्या वह्या त्यांनी कधी पाहिलेल्या नसतात. याचं मला खरंच वाईट वाटतं.

यंत्र तयार झालं की प्रश्न येतो, ते बरोबर चालतं हे कसं कळणार? तपासून, असं कोणीही म्हणेल. मग हिशोब करा. बत्तीस अंकी दोन संख्यांची बेरीज करणारी एक साधी जोडणी घ्या. हे अंक शून्य आणि एकचे. तिच्यात घालता येतील अशा जोड्या दोनचा चौसष्टावा घात इतक्या होतात. सेकंदाला शंभर कोटी जोड्या तपासल्या तरी सगळ्या संपायला सुमारे ५८४ वर्षं लागतील. १६६४ साली सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी झाली, त्या दिवशी तपासणी सुरू केली असती तर आज साठ टक्क्यांच्या आसपास पोचली असती. आणि ही फक्त बेरीज.

१९९४ साली इंटेलच्या पेंटियम चिपमध्ये भागाकाराची चूक सापडली. काही मोजक्या संख्यांना भाग दिला की उत्तर किंचित चुकायचं. कंपनीने त्यापोटी ४७ कोटी ५० लाख डॉलरचा भार हिशोबात दाखवला. त्यानंतर चिपच्या उद्योगाने एक गोष्ट मनावर घेतली: नमुने तपासून भागत नाही, ‘ही जोडणी प्रत्येक संख्येसाठी बरोबर आहे’ हे सिद्ध करावं लागतं. भूमितीत सगळे त्रिकोण मोजत न बसता आपण प्रमेय सिद्ध करतो, तसं. हे काम करणाऱ्या अभियंत्यांना ‘फॉर्मल व्हेरिफिकेशन’चे लोक म्हणतात. बंगळूर, हैदराबाद, पुणे इथल्या चिपच्या आणि सॉफ्टवेअरच्या कामांत ही माणसं लागतात. पुण्यात टाटांच्या संशोधन केंद्राने वर्षानुवर्षं सॉफ्टवेअरमधल्या चुका तर्काने हुडकण्याचं काम केलं आहे.

रेल्वेचं उदाहरण आपल्याला जवळचं. आपला कोकण रेल्वेचा मार्ग बहुतेक एकेरी आहे, समोरासमोरच्या गाड्या स्थानकात एकमेकींना वाट देतात. ‘हा सिग्नल हिरवा असेल, तर तो रूळ बदलणारा सांधा याच बाजूला कुलूपबंद असलाच पाहिजे, आणि समोरचा सिग्नल लालच असला पाहिजे.’ ही अक्षरशः ‘तर’, ‘आणि’ यांची विधानं आहेत, आणि त्यातलं एक जरी कधी खोटं ठरलं तर माणसं मरतील. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पॅरिसमध्ये मेट्रोची चौदा नंबरची लाइन सुरू झाली, तिच्या गाड्या चालकाविना धावतात. तिचं सुरक्षिततेचं सॉफ्टवेअर गणिती सिद्धतेसह लिहिलेलं होतं. बावट्याच्या वाक्यापासून निघालेली वाट इथवर येते.

वाटेत एक कुंपणही आहे, आणि ते तर्कशास्त्रानेच शोधलं. १९३१ साली तर्कशास्त्रज्ञ कुर्ट गोडेलने सिद्ध केलं, की अंकगणित सामावणाऱ्या कोणत्याही विसंगतीमुक्त नियमसंचात अशी विधानं राहतातच, जी त्या नियमांनी सिद्धही होत नाहीत आणि खोडूनही काढता येत नाहीत. १९३६ साली इंग्रज गणितज्ञ ॲलन ट्युरिंगने दाखवलं, की दिलेला कोणताही प्रोग्रॅम कधी तरी थांबेल की अनंतकाळ चालत राहील, हे दरवेळी अचूक सांगणारा एकच प्रोग्रॅम असूच शकत नाही. म्हणून सगळ्या सॉफ्टवेअरची पडताळणी करणारं सर्वज्ञ यंत्र कधीच होणार नाही, आणि समजून उमजून सिद्धता मांडणाऱ्या माणसांची गरज राहणार. आपल्या साधनाची मर्यादा स्वतः सिद्ध करून दाखवणारं दुसरं शास्त्र मला माहीत नाही. मी या विषयाच्या प्रेमात पडले ती एमएला असताना, याच ठिकाणी.

पाटीवरचा ‘व’

कोकणात तर्कशास्त्राचा दुसरा मोठा गिऱ्हाईक म्हणजे कोर्ट. तारकर्लीच्या एखाद्या घरगुती निवासात पाटी असते: ‘मद्यपान व धूम्रपान करणाऱ्यास दंड’. फक्त सिगारेट ओढली तर दंड बसेल का? लिहिणाऱ्याच्या मनात ‘किंवा’ होतं, पाटीवर ‘व’ आलं. पाटीपुरतं हे हसण्यावारी जाईल, पण मृत्युपत्रात, खरेदीखतात असाच एक ‘व’ घरं फोडतो. सामायिक सातबाऱ्यावर तीस नावं, त्यातली वीस मुंबईत. दस्तात ‘सहहिस्सेदारांच्या संमतीने’ असं लिहिलंय. सर्वांच्या, की काहींच्या? याच एका शब्दावर दोन पिढ्या तारखा घालतात. कलम वाचताना त्याचा सांगाडा दिसणारा वकील आणि न दिसणारा वकील यांत पडणारं अंतर मी घरच्या दाव्यातही अनुभवलं आहे.

महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले. मुंबई उच्च न्यायालयात वकिली करत त्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला आणि १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळालं. दोन वचनं एकमेकांना छेद देतात तेव्हा कोणतं बलवान धरायचं, वाक्यातला कोणता भाग आज्ञा आणि कोणता नुसती स्तुती, याचे मीमांसेतले, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावायच्या शास्त्रातले, नियम म्हणजे कायदा वाचायचं तर्कशास्त्रच. आज राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या क्लॅट परीक्षेत १२० प्रश्नांपैकी २२ ते २६ प्रश्न तार्किक विचाराचे असतात, महाराष्ट्राच्या विधी सीईटीतही तसा भाग असतो. बारावीपर्यंत तर्कशास्त्र शिकलेल्या मुलाला इथे हाताशी काही तरी असतं.

आता त्या वडिलांच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. ‘तर्कशास्त्रज्ञ पाहिजे’ अशी जाहिरात तुम्हाला दिसणार नाही. भारतात फक्त तर्कशास्त्राची वेगळी पदवीही सहसा मिळत नाही. हा विषय तीन घरांत वाटला गेला आहे, तत्त्वज्ञान, गणित आणि संगणकशास्त्र, आणि तुम्ही कोणत्या दाराने शिरता त्यावर पुढचं बरंच ठरतं.

तत्त्वज्ञानाच्या दाराने शिरलात, तर रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली असल्याने बीए तिथलं, आणि पुढे एमएला कलिन्याचा तत्त्वज्ञान विभाग किंवा पुणे. त्यानंतर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा देऊन महाविद्यालयात, किंवा एमएसोबत बीएड करून माझ्यासारखं कनिष्ठ महाविद्यालयात शिकवणं. खरं सांगायचं तर या जागा थोड्या आहेत, आणि केवळ शिकवायच्या आशेवर कोणी या वाटेने जाऊ नये. यूपीएससीला तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय घेता येतो, त्यासाठीही बरेच जण इकडे वळतात. पण नुसत्या बीएवर चिप तपासायची नोकरी मिळेल असं मी कोणालाही सांगणार नाही. तिथे इलेक्ट्रॉनिक्स किंवा संगणकाची पदवी मागतात.

गणित-संगणकाचं दार अवघड, पण आत गेलं की दालन मोठं. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमध्ये बारावीनंतर गणित आणि संगणकशास्त्राची एकत्र बीएस्सी आहे, प्रवेशपरीक्षा देऊन. तिथे तर्कशास्त्रावर खरंच जीव टाकून काम करणारी माणसं आहेत. आयआयटी मुंबईत संगणकशास्त्राच्या मुलांना तर्कशास्त्राचा स्वतंत्र अभ्यासक्रम असतो. परदेशात जायची तयारी असेल, तर ॲमस्टरडॅम विद्यापीठाची दोन वर्षांची ‘मास्टर ऑफ लॉजिक’ ही पदवी इंग्रजीतून शिकवली जाते, आणि तिथे तत्त्वज्ञानाची, भाषाशास्त्राची, गणिताची आणि संगणकाची मुलं एकाच वर्गात बसतात. मला हवा होता तो वर्ग हाच.

माझं मत स्पष्ट आहे: तर्कशास्त्र एकट्याने घेऊ नका, जोडीने घ्या. कायदा घ्या, गणित घ्या, प्रोग्रॅमिंग घ्या, भाषाशास्त्र घ्या. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय घ्यायची सोय केली आहे, पण तुमच्या कॉलेजात नेमक्या कोणत्या जोड्या मिळतात हे प्रवेशाआधी खिडकीवर विचारून घ्या. जोडीदार विषय नोकरीचं दार उघडतो. आत गेल्यावर इतरांना न दिसणारी चूक जेव्हा तुम्हाला दिसते, ती तर्कशास्त्रामुळे.

यंत्रं आता स्वतःच उत्तरं लिहायला लागली, मग याची गरज काय, असंही मुलं विचारतात. भाषा लिहिणारं यंत्र पटण्यासारखं बोलतं, आणि पटण्यासारखं व खरं यांतलं अंतर हाच तर आपला विषय. जुलै २०२४ मध्ये गूगल डीपमाइंडच्या यंत्रांनी आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडच्या प्रश्नांत ४२ पैकी २८ गुणांचं, म्हणजे रौप्यपदकाच्या तोडीचं काम केलं. त्यातल्या एकाने आपल्या सिद्धता ‘लीन’ नावाच्या भाषेत लिहिल्या होत्या. लीनमध्ये सिद्धतेची प्रत्येक पायरी संगणक तपासतो, एक जरी निसटली तरी पुढे जाऊ देत नाही.

हे सगळं मालवणात बसून फुकट करून बघता येतं. एनपीटीईएल या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांचे तर्कशास्त्राचे तास आहेत. आणि लीन शिकवणारा ‘नॅचरल नंबर गेम’ नावाचा खेळ ब्राउझरमध्ये उघडतो, इंग्रजीत आहे, पण शब्द मोजकेच लागतात. त्या मुलीला मी तो वाचनालयाच्या संगणकावर उघडून दिला. सुरुवातीलाच २ + २ = ४ हे सिद्ध करायचं असतं. आपण पहिलीत पाठ केलेलं, पण इथे नियम दाखवल्याशिवाय यंत्र मान्य करत नाही. तिला त्या दुपारी बराच वेळ लागला. वडील न्यायला आले तेव्हा ती पुढच्या टप्प्यावर अडकली होती. दोन संख्या कोणत्याही क्रमाने मिळवल्या तरी बेरीज तीच येते, हे एका संख्येसाठी नाही, सगळ्या संख्यांसाठी कसं दाखवायचं? वडील खुर्ची ओढून शेजारी बसले. म्हणाले, ‘ह्या तर दिसताच हा, दाखवूचा काय?’ तिने त्यांना कागदावर शून्यापासून सांगायला सुरुवात केली.